केवडाराणीचं धाकटं ताट

आधी ते चिंचोके खाली टाका बघू. सगळे. दिगू, मुठीतलेसुद्धा.

आज अंगणात काय चाललं होतं ते मी पायरीवर बसून सगळं पाहिलं. केवडाराणीचा खेळ होता ना? शालू झाली राजा, दिगू झाला प्रधान, आणि राणी व्हायला कुणीच तयार नाही. मग धरलं धाकट्या इंदीला, उभं केलं तुळशीमागं आणि मारले चिंचोके. वर ओरडणं काय, तर 'पोर बुडवी, दोरे लपवी, केवडाराणी वेशीबाहेर!' ये गं इंदे, माझ्या कुशीत ये. पांघरूण घ्या सगळ्यांनी. आज गोष्ट केवडाराणीचीच आहे. पण तुम्ही ओरडता तशी नाही. माझ्या आजीनं मला सांगितली तशी. आणि मधे मधे बोलायचं नाही, सांगून ठेवते.

एक होता राजा, आणि तो गोष्टीच्या सुरुवातीलाच मेला. हसायला काय झालं? राजेसुद्धा मरतात. धोंडगडचा राजा होता तो. धोंडगड म्हणजे नुसता खडक. पाऊस पडायचा, धो धो पडायचा, आणि वेशीजवळच्या खिंडीतून सगळं पाणी पळून जायचं. दिवाळी झाली की विहिरी खडखडीत. एक ओढा तेवढा वाहता असायचा, तो यायचा वरच्या डोंगरातून, हिरडीच्या राज्यातून. हिरडी म्हणजे केवडाराणीचं माहेर. तिथं तिचा भाऊ कान्होराय राज्य करायचा.

मग धोंडगडचा राजा म्हणाला, ओढा माझा. कान्होराय म्हणाला, डोंगर माझा. झाली मेहुण्या-मेहुण्यांची जुंपली. आणि मधल्या मधे सापडली कोण? केवडाराणी. भावाची बाजू घेतली तर सासरचे डोळे वटारणार. नवऱ्याची घेतली तर माहेरचं दार बंद. ती बिचारी दोघांनाही सांगून थकली. ऐकतंय कोण?

कान्होराय फौज घेऊन आला आणि गडाखाली तळ देऊन बसला. आणि नेमका त्याच दिवशी, नरकचतुर्दशीच्या सकाळी, राजा तापानं गेला. राणीच्या पदरात दोन पोरं. थोरला भानू पाच वर्षांचा, धाकटा चंदन तीन वर्षांचा.

आता तुम्हीच सांगा, काय करायचं तिनं? रडायचं? गडावर रडारड झाली असती तर ती खाली तळावर ऐकू गेली असती. कान्होरायाच्या फौजेत पाच सरदार होते, एकाहून एक टपलेले. राजा गेला हे कळलं असतं तर त्यांनी कान्होरायाला विचारलंसुद्धा नसतं. सरळ गडावर चढले असते. मग त्या दोन पोरांचं काय झालं असतं ते मी तुम्हाला झोपताना सांगणार नाही.

मग तिनं रडू गिळलं. एकट्या वैद्यबुवांना विश्वासात घेतलं. दोघांनी मिळून राजाला थंडगार तळघरात ठेवलं, वर पलंगाला पडदा लावला, आणि राणी हिरव्या बांगड्या वाजवत बाहेर आली. म्हणाली, "महाराजांना उतार पडतोय. पण कुणी भेटायचं नाही."

पहिला दिवस गेला. दुसऱ्या दिवशी लक्ष्मीपूजन झालं. तिसरा दिवस पाडव्याचा. पाडव्याला बायको नवऱ्याला ओवाळते, बरं का. गडावरच्या साऱ्या बायका दाराशी जमल्या. राणी ताम्हण घेऊन पडद्याआड गेली आणि तिनं रिकाम्या पलंगाला ओवाळलं. ज्योत विझू दिली नाही.

चौथ्या दिवशी भाऊबीज. राणीनं खाली निरोप धाडला, "दादा, ओवाळायचंय. एकटा ये." भांडण असलं म्हणून काय झालं, भाऊबीजेला बहिणीनं बोलावल्यावर येणार नाही तो भाऊ कसला? तलवार तळावर ठेवून आला तो. तिनं पाटावर बसवलं, टिळा लावला, ओवाळलं, आणि मग हळूच म्हणाली, "दादा, माझं कुंकू खोटं आहे रे. आज चौथा दिवस."

कान्होराय तिच्याकडं बघतच राहिला. मेहुण्याशी वैर होतं, पण बहीण अशी उघडी पडावी असं त्याला कधी वाटलं नव्हतं. मग डोळे पुसून म्हणाला, "ओवाळणी काय घालू, माग."

"ओढा वाहता राहू दे. आणि फौज मागं ने."

"आज नेतो," कान्होराय म्हणाला. "पण उद्याचं काय? मला मूलबाळ नाही. हे सरदार माझ्या गादीवर डोळा ठेवून आहेत. माझ्यामागं त्यांच्यातला एखादा बसला की तो पहिला धोंडगडावर चालून येईल. केवडा, तुझा चंदन मला दे. इतके दिवस माझ्या बायकोच्या माहेरी वाढलेला माझाच मुलगा, असं सांगून मी त्याला हिरडीत नेतो. आमच्यात पंधराव्या वर्षी युवराजाला गादीवर बसवतात. तो बसला, की दोन्हीकडं सख्खे भाऊ राजे. मग लढेल कोण? पण तोवर हे तुझ्या तोंडून बाहेर पडता कामा नये. पोर धोंडगडचं आहे हे सरदारांना कळलं, तर ते त्याला जिवंत ठेवायचे नाहीत."

हे नीट ऐकलंत ना? दिगू, ऐकलंस? राणी बोलली, की चंदन गेला. म्हणजे तिनं बारा वर्षं बोलायचंच नाही. कुणापाशी नाही. भानूपाशीसुद्धा नाही.

माझी आजी सांगायची, की राणी ताम्हणातलं निरांजन विझेपर्यंत तशीच बसून राहिली. मग उठली. चंदनला मांडीवर घेतलं, त्याच्या धाकट्या ताटात खीर घेऊन त्याला पोटभर भरवली. पोर पेंगुळलं. ते झोपलेलं पोर तिनं भावाच्या मेण्यात निजवलं आणि मेण्याचा पडदा ओढला. आणि त्याची कुंची, लाल काठाची, ती स्वतः ओढ्याकाठी जाऊन झुडपाला अडकवून आली.

फौज गेली. गड वाचला. मग राणीनं राजा गेल्याचं सांगितलं आणि बांगड्या उतरवल्या. संध्याकाळी ओढ्याकाठी कुंची सापडली.

मग लोकांची तोंडं सुटली. नवरा तळघरात आणि ही पलंगाला ओवाळत होती, हिला लाज म्हणून नाही. शत्रूला पाटावर बसवून गोडधोड घालत बसली आणि तिकडं पोर ओढ्यात वाहून गेलं, हिचं लक्ष कुठं होतं? आणि तिसरं म्हणजे बाई रडली नाही. ना नवऱ्यासाठी, ना पोरासाठी. आता एकदा गिळलेलं रडू लोकांच्या सोयीनं वर येतं होय? पण लोकांना एवढं कुठलं कळायला. छोटा भानू ओढ्याकाठी बसून 'चंदन, चंदन' म्हणून टाहो फोडायचा. राणी त्याला पोटाशी धरायची आणि एक शब्द बोलायची नाही. भानूला वाटायचं, आईचं काळीज दगडाचं आहे.

राणीनं राजाचा शिक्का पदराच्या गाठीत बांधला आणि अकरा वर्षं राज्य चालवलं. चांगलं चालवलं. तीनदा तिनं दरबारात सांगितलं, "खिंडीत बांध घालू या. घरटी थोडे थोडे दगड आणा. पाणी अडेल, तळं होईल, कुणाच्या तोंडाकडं बघायला नको." पहिल्यांदा प्रधान म्हणाला, बघू. दुसऱ्यांदा म्हणाला, पुढच्या वर्षी. तिसऱ्यांदा म्हणाला, बाईमाणसाला बांधातलं काय कळतं? एक दगड कुणी हलवला नाही.

आणि काय व्हायचं, दरवर्षी दिवाळी लागली, की राणी भाऊबीजेसाठी हिरडीला करंज्यांचा डबा पाठवायची. डबा परत यायचा. आपल्यात आलेला डबा रिकामा परत पाठवत नाहीत, काहीतरी घालून पाठवतात. हो ना? मग कान्होराय डब्यात काय घालायचा? एक दोरा. चंदनला भिंतीशी उभं करून, टाचेपासून डोक्यापर्यंत मोजलेला दोरा. चिठ्ठी नाही, काही नाही. पहिल्या वर्षी एवढासा होता. मग वाढत वाढत गेला. राणी तो दोरा जमिनीवर सरळ पसरायची आणि शेजारी बसून राहायची. मग गुंडाळून पेटीत ठेवायची.

आणि एक सांगायचं राहिलं. रोज दुपारी भानूच्या ताटाशेजारी ती ते धाकटं ताट वाढायची. थोडा भात, थोडं वरण, वर तुपाची धार. पाट रिकामाच. मग ते अन्न गाईला घालायची. ताट मात्र स्वतः घासायची, कुणाला हात लावू द्यायची नाही.

तर काय झालं, भानू सोळा वर्षांचा झाला आणि राजा झाला. राणीनं पदराची गाठ सोडली, शिक्का त्याच्या हातात दिला. आणि महिन्याच्या आत प्रधानानं ती पेटी शोधून काढली. अकरा दोरे! धावत राजाकडं गेला. "महाराज, ही करणी आहे. जादूटोणा. ह्या दोऱ्यांनीच तुमचं घर बांधून टाकलंय."

भानूनं आईला भर दरबारात उभं केलं. तीन प्रश्न विचारले.

"आई, बाबा गेले तेव्हा तू बांगड्या का घातल्या होत्यास?"

राणी गप्प.

"चंदन ओढ्याकडं गेला तेव्हा तू कुठं होतीस?"

राणी गप्प.

"हे दोरे कसले?"

राणीनं त्याच्याकडं पाहिलं. चंदन चौदा वर्षांचा होता तेव्हा. एकच वर्ष राहिलं होतं. ती म्हणाली, "भानू, एक वर्ष थांब. मग सगळं सांगते."

पण भर दरबारात, सगळे बघत असताना, सोळा वर्षांचा राजा कसला थांबतोय. त्याला चंदन आठवला, ती कुंची आठवली, आणि त्याचा संताप झाला. म्हणाला, "वेशीबाहेर हो. आणि आजपासून वेशीतून बाहेर पडणाऱ्या प्रत्येकानं हिच्या नावानं एक दगड मारायचा. राजासुद्धा त्यातून सुटणार नाही."

बाई घरातून निघाली, की तिची ओटी भरतात. पदरात तांदूळ, नारळ घालून मगच पाठवतात. राणीची कुणी भरली नाही. विधवेची ओटी भरत नाहीत म्हणे. कुणी ठरवलं मला ठाऊक नाही, आणि ठरवताना मला कुणी विचारलं नव्हतं. अकरा दोरे आणि ते धाकटं ताट घेऊन ती रित्या पदरानं निघाली. वेशीबाहेर खिंडीच्या तोंडाशी तिनं एक झोपडी घातली.

दुसऱ्या दिवसापासून लोक दगड मारू लागले. गुराखी मारायचा, तेली मारायचा, पाण्याला जाणाऱ्या बायका घागर खाली ठेवून मारायच्या. तेव्हा राणीनं काय केलं असेल? दाराशी आली, हात जोडले आणि म्हणाली, "मारा बाबांनो, राजाचा हुकूम आहे. पण वाटेवर नका टाकू, बैलांच्या खुरांना लागतील. असे इकडं खिंडीच्या तोंडात टाका. मोठे आधी, बारके मागून."

लोकांना वाटलं, आपल्याला काय, दगड मारल्याशी कारण. टाकू लागले खिंडीत. लोक गेले, की राणी पदर खोचून जायची, दगडाशी दगड सांधायची, फटीत चिखल लिंपायची. अकरा वर्षं गोड बोलून जिथं एक दगड मिळाला नाही, तिथं हजारो दगड शिव्यांसकट घरपोच येऊ लागले. हस ना इंदे, हसायचीच गोष्ट आहे.

त्या ओढ्याच्या डोहात साती आसरा राहायच्या. पाण्यातल्या सात बहिणी. भर दुपारी, वाटेवर चिटपाखरू नसताना वर येतात त्या. त्यांना राणीचा छळ बघवेना. एका दुपारी ओल्या केसांनी झोपडीच्या दाराशी आल्या. म्हणाल्या, "बाई, सांग, गड बुडवू का?"

"नको गं," राणी म्हणाली. "माझा भानू आहे वर."

पुन्हा एका दुपारी आल्या. "मग हे दगड मारणारे बुडवू?"

"नको. माझीच माणसं आहेत. कुणी खरं सांगितलंच नाही त्यांना, तर ते तरी काय करतील?"

तिसऱ्यांदा आल्या त्या जरा रागावूनच आल्या. "मग तुला हवंय तरी काय?"

आणि तेव्हा कुठं राणीचे डोळे भरून आले. म्हणाली, "मी घरातून रित्या पदरानं निघाले. माझी ओटी भरा."

मग सातीजणींनी तिला पाटावर बसवलं. त्यांच्यापाशी तांदूळ कुठले? नारळ कुठला? त्यांनी ओंजळी ओंजळी पाणी तिच्या पदरात घातलं. सात ओंजळी. आणि काय नवल, एक थेंब गळला नाही! राणीनं पदराची गाठ मारली आणि कमरेला खोचली. जिथं शिक्का बांधायची ना, तिथंच.

मग वर्ष सरत आलं. त्या वर्षी पाऊस पडलाच नाही. ओढा आटला. गडावर माणसं पाण्यावाचून तळमळू लागली. प्रधान म्हणाला, "हिरडीवाल्यांनी ओढा अडवला. त्यात आईसाहेबांचा हात असणार." भानूनं शहानिशा केली नाही. फौज काढली. नेमकी भाऊबीजेच्या दिवशी. सख्खा भाऊ सख्ख्या भावावर चालून निघाला, आणि त्याला ते ठाऊक नाही.

तिकडं हिरडीत दसऱ्यालाच चंदन गादीवर बसला होता. कान्होरायानं त्याला जवळ घेऊन खरं काय ते सांगितलं होतं. आणि ह्या वर्षी डबा आला नाही. येणार कुठून? राणीच्या झोपडीत मूठभर रवा नव्हता, करंज्या कशाच्या करणार? पण चंदनच्या जिवाला घोर लागला. डबा का आला नाही? आई आहे ना? मग तोही निघाला. शस्त्र घेऊन नाही, एक दोरा घेऊन.

इकडं भानू फौजेपुढं वेशीबाहेर आला. त्याचा स्वतःचाच हुकूम, राजानंसुद्धा दगड मारायचा. त्यानं वाटेवरचा एक दगड उचलला. समोर बांध. बांधाला एकच भगदाड राहिलेलं, एका दगडाचं. शेजारी आई उभी, केस पांढरेफटक झालेले.

भानूनं हात उगारला. दगड हातातून सुटेना. त्यानं दुसऱ्यांदा हात उगारला. सुटेना. तिसऱ्यांदा दात-ओठ खाऊन फेकायला गेला, तर दगड तळव्याला चिकटूनच बसला. हात खाली घ्यावा तर दगडाचा भार, वर न्यावा तर नेववत नाही. लहानपणी हातात काटा गेला की ओरडायचा तसा ओरडला, "आई!"

राणी पुढं झाली. म्हणाली, "मारू नकोस, बाळा. हातानं ठेव. तिथं, त्या भगदाडात."

सगळी फौज बघत होती. भानू वाकला. गुडघे टेकले आणि दगड हातानं भगदाडात ठेवला. दगड सुटला. बांध पुरा झाला.

मग राणीनं कमरेची गाठ सोडली. पदरातून पाणी सांडलं. सात ओंजळी पाणी, पण ते थांबेचना! खडक भिजला, खड्डे भरले, वाट बुडाली, पाणी चढत चढत बांधाच्या काठाला आलं. एवढं मोठं तळं, आणि ते सगळं खिंडीत अडलेलं. सैनिकांनी भाले टाकले आणि ओंजळीनं पाणी प्यायला लागले. ज्याच्यासाठी लढायला निघाले होते ते दाराशीच होतं. आता कशाला लढतायत?

आणि पलीकडच्या काठावर एक मुलगा उभा होता. फौजेची वाट पाण्याखाली गेली होती, पलीकडून यायला एकच रस्ता उरला होता, बांधावरून. तो बांधावरून चालत आला. पंधरा वर्षांचा, ओठावर नुकती लव फुटलेली. राणीपुढं उभा राहिला. म्हणाला, "ह्या वर्षीचा दोरा मीच आणलाय."

राणीनं झोपडीतून अकरा दोरे आणले. बांधावर ओळीनं पसरले. शेवटी त्यानं आपला ठेवला. भानूनं तो दोरा उचलला, त्या मुलाच्या टाचेपाशी धरला, वर नेला. बरोबर डोक्याला टेकला. मग भानूनं पहिला दोरा हातात घेतला. त्याच्या स्वतःच्या कमरेपर्यंत पोचेल एवढासा. त्याच्या हातात तेव्हाचा चंदन आला, ओढ्याकाठी ज्याच्यासाठी तो रडला होता, अगदी तेवढाच. दोरा मुठीत घेऊन राजा आईकडं वळला.

"आई," तो म्हणाला, "मला का नाही सांगितलंस?"

"तू पाच वर्षांचा होतास तेव्हा सांगायचं? की सोळाव्या वर्षी, तुझ्या तोंडात तीळ भिजत नव्हता तेव्हा?" राणी म्हणाली. "प्रधानाला सांगितल्याशिवाय तू राहिला असतास का? आणि मग हा राहिला असता का?"

भानूनं तिच्या पायांवर डोकं ठेवलं.

पण चंदन, बरं का, तो काही लगेच पाया पडला नाही. मग त्यानं विचारलं, "मामांनी सगळं सांगितलं मला. गड वाचला, लढाई टळली, सगळं कळलं. पण मला एक सांग. दोघांतून मलाच का दिलंस? मी नकोसा होतो?"

बारा वर्षं तिला लोकांनी नको नको ते विचारलं, पण हे कुणी विचारलं नव्हतं. ती म्हणाली, "तू लहान होतास. विसरशील असं वाटलं. तू विसरावंस म्हणून देवाला हात जोडले, आणि विसरू नयेस म्हणूनही जोडले. तुझं मी वाईटच केलं, चंदन. गडाचं भलं केलं आणि तुझं वाईट केलं. दोन्ही मीच केलं." आणि मग ती रडली. नवऱ्यासाठी, पोरासाठी, बारा वर्षांचं सगळं. तळ्याकाठी सगळे उभे होते, कुणाला कुणाकडं बघवेना.

रडून झाल्यावर तिनं डोळे पुसले. दुपार झाली होती. ती उठून झोपडीत गेली. कण्यांचा भात चुलीवर होता. तिनं ते धाकटं ताट काढलं, रोजच्यासारखा पाट मांडला, रोजच्यासारखं वाढलं. तूप तेवढं नव्हतं. दारात उभी राहून म्हणाली, "जेवण झालंय तुझं?"

चंदननं ते ताट पाहिलं. तीन वर्षांच्या पोराचं ताट. काठ झिजलेला, पण लखलखीत, रोज घासलेलं. ते कुणासाठी रोज वाढलं जात होतं हे त्याला कुणी सांगावं लागलं नाही. तो आत आला, पाटावर बसला. एवढा मोठा मुलगा आणि एवढंसं ताट. दोन घासांत भात संपला.

त्यानं ताट पुढं केलं. "आई, वाढ."

बारा वर्षांत त्या ताटात पहिल्यांदाच पुन्हा वाढलं गेलं. भानूही आत आला आणि त्याच ताटापाशी बसला, आणि दोघं भाऊ त्या इवल्याशा ताटात जेवले. आसरा पाण्यातून डोकावून बघत होत्या म्हणे.

मग? मग काय, प्रधानाला तळ्यातला गाळ काढायला बसवलं. भानू म्हणाला, आई, गडावर चल. चंदन म्हणाला, हिरडीला चल. राणी उन्हाळ्यात हिरडीला राहायची आणि पावसाळ्यात धोंडगडाला. दगड मारायचा हुकूम भानू मोडायला निघाला, तर राणीच म्हणाली, "मोडू नकोस, बदल. वर्षातून एकदा घरटी एक दगड बांधावर ठेवा. मारायचा नाही, हातानं ठेवायचा." तेव्हापासून बांध कधी फुटला नाही, आणि दोन्ही राज्यं सुखानं नांदली.

पण लोकांचं कसं असतं बघा. दगड मारल्याचं लक्षात राहिलं आणि ठेवल्याचं विसरले. म्हणून तुमचा तो खेळ असा झाला. आता तुम्हाला ठाऊक आहे, तेव्हा उद्यापासून नीट खेळा.

काय रे दिगू? काय म्हणालास? उद्या राणी तू होणार? बरं, हो. पण मग बांध घालावा लागेल हं, आणि गप्पही बसावं लागेल. तुला जमेलसं वाटत नाही मला.

इंदी बघा कशी झोपली. हळू बोला. शालू, दिवा बारीक कर. त्या तळ्यावर आता वारासुद्धा थांबला असेल, आणि राणीनं भांडी घासून पालथी घातली असतील. तुम्हीही मिटा डोळे.